पाटी नसलेलं गॅरेज आणि आमच्या एट हंड्रेडचं ‘टक’

आधीच सांगतो, ह्या गॅरेजला पाटी नाहीये, नाव पण नाही, त्यामुळं लोकेशन पाठवा लोकेशन पाठवा म्हणून मागं लागू नका. सांगलीतनं माधवनगर रोडला लागलं की पुढं एक पत्र्याचं शेड आहे, दारात कायम दोन रिक्षा, एक टेम्पो, बॉनेट उघडून ठेवलेली कुठलीतरी जुनी गाडी, आणि आत बाकड्यावर गाडीचं काहीही काम नसलेली चार माणसं. तेच. तिथल्या मेकॅनिकला सगळे वायरमन मामा म्हणतात. कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, सांगतो, कारण त्याची पण रिक्षा कधी ना कधी तिथं उभी राहिलेली असते.

गाडी म्हणजे आमच्या अण्णांची मारुती एट हंड्रेड, 2004 ची, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नसलेली, इंजेक्शनवाली), एमएच दहा. कंपनीनं ही गाडी बनवायची जानेवारी 2014 मध्येच बंद केली पण अण्णांना ते अजून मान्य नाही. 2019 ला पंधरा वर्षं झाली तेव्हा पासिंग करून आणली, 2024 ला परत करून आणली, आणि ‘796 सीसी, तीन सिलिंडर, बिघडायला आहेच काय तिच्यात’ हे वाक्य आमच्या घरात आठवड्यातनं एकदा तरी होतंच.

तर बिघडायला काय आहे ते गेल्या उन्हाळ्यात कळलं. चावी फिरवली की टक. एकच टक आणि पुढं गप. डॅशबोर्डचे लाल दिवे व्यवस्थित, हॉर्न ठणठणीत, हेडलाईट झकास, पण सेल, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, काही मारत नाही. परत फिरवा, टक. परत, टक. पाचव्या-सहाव्या चावीला असा खणखणीत सेल मारणार की आपल्यालाच वाटावं आपण स्वप्न बघत होतो. कधी कधी तर टक पण नाही, नुसती शांतता. आणि हे रोज नाही बरं का, रोज झालं असतं तर कधीच सापडलं असतं की. आठ आठ दिवस एकदम गुणी बाळ, सकाळी थंड असताना पहिल्या चावीला सुरू, आणि मग पेट्रोल भरायला थांबलो, पैसे दिले, चावी फिरवली, की टक. मागं पाच गाड्या हॉर्न मारतायत आणि आपण पंपावरच्या पोराकडं बघून हसतोय. कायम गरम इंजिन, दहा-पंधरा मिनिटं बंद करून परत चालू करताना. हे गरम असतानाच होतं हे मला लवकर लक्षात आलेलं पण त्याचा अर्थ काय ते कळायला दिवाळी उजाडली.

कळस झाला तो ऋषिपंचमीला. तासगावच्या गणपतीच्या रथाला गेलेलो सगळे, येताना एका ठिकाणी चहाला थांबलो आणि बाईसाहेब बसल्या. तिकडं रथ ओढायला हजारो माणसं, इकडं आमची ढकलायला मी आणि मेव्हणा दोघंच. गाडी साडेसहाशे-पावणेसातशे किलोची आहे म्हणून जमलं, दुसरा गिअर, क्लच दाबून ढकलायची आणि वेग आला की झटकन सोडायचा. अण्णा स्टेअरिंगवर. सुरू झाल्यावर ते थांबलेच नाहीत, थांबलो तर परत बंद पडेल म्हणून दोनशे मीटर पुढं गेले आणि आम्ही नव्या कपड्यात मागनं पळत.

आता मामांच्या आधी काय काय झालं ते सांगतो, नाव कुणाचं घेत नाही कारण तसं प्रत्येकानं आपापल्या परीनं केलं. पहिल्यानं बॉनेट पण न उघडता सांगितलं बॅटरी गेली. घातली नवीन, चार हजार दोनशे. तीन आठवडे एकदम मस्त, मग टक. दुसऱ्यानं सेल उतरवला, कार्बन बदलले, बुश बदलले, अठराशे घेतले. हे काम वाईट नव्हतं, सेलचा आवाज खरंच सुधारला, पण महिन्यात परत टक. तिसरा म्हणाला गरम झाल्यावर होतंय म्हणजे पेट्रोल पंप, नवीन टाकूया. इथं मात्र मी थांबलो. मी काही मेकॅनिक नाही, कुपवाड एमआयडीसीत अकाऊंट बघतो, पण एवढं डोकं चाललं की इंजिन फिरतंय आणि पकडत नाही तर ती पेट्रोलची नाहीतर करंटची भानगड, इथं इंजिन फिरतच नाहीये तर पेट्रोल येऊ दे नाहीतर उसाचा रस येऊ दे, काय फरक पडणाराय? चौथा सल्ला शेजाऱ्यांचा, सेलला पान्यानं दोन ठोके द्या. गंमत म्हणजे ते कधी कधी चालायचं, त्यामुळं अण्णा दोन महिने सीटखाली पाना ठेवून फिरत होते.

मामांकडं नेलं ते एका रिक्षावाल्याच्या सांगण्यावरनं. गेल्यावर नेहमीसारखं झालं, म्हणजे त्यांच्यासमोर गाडी दहा वेळा चालू केली आणि दहाही वेळा सुरू झाली. डॉक्टरसमोर ताप उतरतो तसं. मला वाटलं आता हे म्हणणार काही नाही झालं घेऊन जावा, पण त्यांनी सिगारेट विझवली आणि विचारलं, “पाव्हणं, बंद पडती तवा वाजतं कसं?”

मी म्हटलं टक.

“एकच टक, का टकटकटकटक, का कायच न्हाई?”

मी म्हटलं बहुतेक वेळा एकच, कधी काहीच नाही. तर म्हणाले मग बॅटरी कुणी घालाय सांगितली तुम्हाला? आणि बाकड्यावरची चारही माणसं माझ्याकडं बघून हसली. ते मला अजिबात आवडलं नाही, पण त्यानंतर त्यांनी जे समजावून सांगितलं ते आधीच्या तिघांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं.

बॅटरी उतरली असेल नाहीतर टर्मिनल ढिलं असेल तर सेलवरचा सोलेनॉइड, म्हणजे चावी फिरवली की सेलला मोठा करंट जोडून देणारा चुंबकाचा स्विच, आत ओढतो, भार आला की व्होल्टेज पडतं, तो सुटतो, व्होल्टेज परत चढतं, परत ओढतो, म्हणून ती मशीनगन, टकटकटक, आणि त्याच वेळी आतले दिवे मंद होतात. एकच टक आणि मग गप असेल तर सोलेनॉइडला कळलंय पण मोठा करंट पुढं जात नाहीये, म्हणजे आतले जाड कॉन्टॅक्ट झिजलेत, नाहीतर मोटरचे कार्बन, नाहीतर जाड केबल नाहीतर अर्थ, म्हणजे इंजिनकडनं बॅटरीच्या मायनसला परत जायची करंटची वाट. नाहीतर मग सोलेनॉइडला सांगणारीच वायर इतकी दमलेली असते की तो अर्धवट ओढतो. आणि काहीच आवाज नाही म्हणजे चावीपासून सोलेनॉइडपर्यंत निरोपच पोचत नाहीये. पान्याच्या ठोक्याचं पण सांगितलं, ठोक्यानं आत अडकलेला कार्बन नाहीतर कॉन्टॅक्ट हलतो आणि तेवढ्यापुरतं काम होतं, पण ठोक्यानं चालू झाली म्हणून सेलच खराब असं ठरवायचं नाही, कारण त्या ठोक्यानं शेजारची वायर पण हलते. हे ऐकून मला अठराशे रुपये आठवले.

मग मीटर लावला. बॅटरी बंद गाडीत 12.6, म्हणजे फुल्ल. सेल मारताना 10.4, म्हणजे तब्येत उत्तम, ते म्हणाले 9.6 च्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घेतला असता. चालू गाडीत 14.1, म्हणजे अल्टरनेटर पण चार्ज करतोय. हे सगळं पाच मिनिटात. आणि मग म्हणाले, आता माझ्यासमोर नाटक करत न्हाई तवर मी एक पार्ट बदलणार नाही, उगं तुमचं पैसं घालवून मला काय मिळणार.

आणि इथं त्यांनी जे केलं ते मला फारच आवडलं. पार्किंग लाईटचा एक छोटा बल्ब घेतला, पाच वॉटचा, त्याची एक वायर सोलेनॉइडला चावीकडनं जी बारीक वायर येते तिला जोडली, दुसरी बॅटरीच्या मायनसला, आणि बल्ब फायरवॉलच्या भोकातनं आत आणून स्टेअरिंगशेजारी टेपनं चिकटवून दिला. म्हणाले जावा, फिरवा चार दिवस. बंद पडली की चावी तशीच धरून बल्ब बघायचा. लख्ख पेटला आणि सेल नाही मारला तर दोष खाली, सेलकडं. पेटलाच नाही तर दोष वर, चावीच्या स्विचमध्ये नाहीतर मधल्या वायरमध्ये. मिणमिणता पेटला तर करंट वाटेत कुठंतरी खाल्ला जातोय. आणि ते बघून झाल्यावर लगेच हेडलाईट लावून परत चावी फिरवायची, लाईट मंद होतात का बघायचं, हे सगळं कागदावर लिहून आणायचं. पैसे? काही नाही. आधी सापडू दे म्हणाले.

म्हणजे बघा, दुखणं कधीतरीच येतं तर त्याच्यासाठी सापळा लावून ठेवला. नाहीतर बाकीचे काय करत होते, उंदीर दिसत नाही म्हणून घराच्या फरशा बदलत होते.

अण्णांना तो लोंबकळणारा बल्ब बघून फार राग आला, आपली गाडी रिक्षा केली म्हणाले. पण तिसऱ्याच दिवशी मिरजेत, दुपारी, गरम गाडी, टक. मी खाली बघितलं तर बल्ब असा मिणमिणता की दिवसा दिसेना, हाताचा आडोसा करून बघावं लागलं. हेडलाईट लावले, ते जराही मंद झाले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडल्यावर मला आनंद झाला. बायको म्हणाली हसताय काय, उन्हात उभे आहोत आपण.

पाचव्या दिवशी कागद घेऊन गेलो. मामांनी कागद वाचला, डोकं हलवलं, आणि मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकवर लावून मला सेल मारायला सांगितलं. आता ही दोन्ही टोकं म्हणजे एकच अर्थ, मधे आकडा जवळपास शून्य यायला पाहिजे, 0.2, फार तर 0.3. आला 0.9. म्हणजे जवळजवळ एक व्होल्ट नुसता अर्थच्या पट्टीत जळत होता. मग जंपर केबलनं बॅटरीचं मायनस डायरेक्ट इंजिनला जोडलं आणि परत सेल मारला तर आवाजच बदलला, आधी घर्र-घर्र होता तो एकदम चुरचुरीत.

अर्थची पट्टी काढली. बाहेरनं दिसायला बरी होती, म्हणून तर कुणाचं लक्ष गेलं नाही. मामांनी चिमट्यानं टोकाजवळचं आवरण सोललं तर आत हिरवीगार भुकटी, तार अशी कळकलेली की बोटानं तुटत होती. आणि त्यांनी लगेच विचारलं, “पाण्यात हुती का गाडी?”

होती की. आम्ही गावभागात राहतो. ऑगस्ट 2019 ला महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45, आणि आम्ही आईला घेऊन विश्रामबागला पाहुण्यांकडं गेलो ते गाडी जरा उंचावर लावून. उंचावर म्हणजे आमच्या समजुतीप्रमाणं. पाणी गाडीच्या पायापाशी आलं, कार्पेट भिजलं, सीट वाचल्या. नंतर सगळं धुतलं, ऑइल बदललं, कार्पेट आठ दिवस गच्चीवर वाळवलं, आणि आम्हाला वाटलं सुटलो. पण खाली सेल आणि अर्थची पट्टी दोन्ही त्या गढूळ पाण्यात होते, आणि आवरणाच्या आत शिरलेला ओलावा बाहेर येत नाही, तो तांबं खात बसतो, वर्षानुवर्षं. मामा म्हणाले 2019 आणि 2021 च्या पुरातल्या गाड्या मला अजून येत्यात, लाईट मिचमिचती, काटा उड्या मारतो, सेल बसत नाही, सगळ्यांचं मूळ अर्थ. सांगलीकरांनी हे वाचून एकदा आपापल्या गाडीची अर्थची पट्टी बघून घ्या, फुकटचं काम आहे.

पण अर्थ एवढाच दोष नव्हता, कारण जंपर लावून पण बल्ब पुरेसा उजळत नव्हता. ह्या गाडीत सोलेनॉइड ओढायचा करंट चावीच्या स्विचमधनंच जातो, आणि तो काही थोडाथोडका नसतो, ओढताना पंधरा-वीस अँपिअर सहज. वीस वर्षं रोज दहा वेळा फिरवून त्या स्विचचे आतले कॉन्टॅक्ट काळे पडलेले. त्यात इंजिन गरम असताना बंद केलं की बॉनेटखालची उष्णता कोंडते, सोलेनॉइडची गुंडाळी तापते, तापलेलं तांबं करंटला जास्त अडवतं, म्हणजे नेमका त्याच वेळी त्याला जास्त जोर पाहिजे आणि आपल्याकडं जोर कमी. थंड असताना कसंबसं भागायचं, गरम झालं की काठावरनं खाली. म्हणजे पेट्रोल पंपवाला ‘गरम झाल्यावर होतंय’ हे बरोबर पकडून चुकीच्या घरात शिरला होता!

उपाय म्हणून मामांनी मधे एक रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, टाकला, साधा चार पायांचा, हॉर्नला वापरतात तसला. आता चावीला फक्त रिले ओढायचाय, ते अर्ध्या अँपिअरच्या आतलं काम, आणि सोलेनॉइडचा मोठा करंट बॅटरीकडनं फ्यूजमधनं रिलेच्या 30 नंबरवर येतो आणि 87 नंबरमधनं सरळ खाली जातो. मी म्हटलं मग स्विचच बदला की, तर म्हणाले मिळाला चांगला तर बदलू, पण आता बाजारात येतोय तो माल आहे त्याच्यापेक्षा हलका, आणि रिले बिघडला तर रस्त्यात दुसरा टोचता येतो. ह्या उत्तरावर माझं पूर्ण समाधान नाही. मला अजून वाटतं की स्विच पण झिजलाय तर तो आज ना उद्या इग्निशनच्या बाजूनं पण त्रास देणार, तेव्हा चालत्या गाडीत बंद पडलं तर काय. पण एक खरं, त्यांनी मी न विचारता सांगितलं की हा आडमार्ग आहे, स्विच नवा झालेला नाही.

अर्थची पट्टी नवीन बनवून दिली, तयार आणली नाही. जाड तार, दोन्ही टोकाला लग (बोल्टमध्ये बसणारी धातूची टोकं) दाबून बसवले, नुसते वळवून टेप नाही, इंजिनवर जिथं बोल्ट बसतो तिथला रंग आणि गंज पॉलिशपेपरनं घासून चकचकीत धातू काढला आणि बसवल्यावर वरनं ग्रीस. परत मोजलं, 0.1. बल्ब लख्ख. तो बल्ब काढून देताना अण्णांना म्हणाले ठेवा तुमच्याकडं, लागंल. अण्णांनी ठेवला, ग्लोव्ह बॉक्समध्ये, पान्याच्या शेजारी.

बिल सगळं मिळून साडेनऊशे. रिले, तार, लग, आणि दोन वेळची मजुरी. म्हणजे बॅटरी आणि सेल मिळून सहा हजार गेले त्याच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा कमी. तीन महिने झाले, उन्हाळा पण सुरू झालाय, पेट्रोल पंपावर, हरिपूरला, भाजी मंडईत, कुठंही थांबवा, पहिल्या चावीला.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं की लोकांना वाटतं मामा माझे खरेच मामा आहेत. फोन उचलत नाहीत. म्हणजे कधीच नाही. फोन पोरग्याकडं असतो आणि पोरगं फोनवर व्हिडिओ बघत असतं. संध्याकाळी या म्हणाले म्हणजे उद्या दुपारी असं धरायचं, मला ‘एक तासाचं काम’ म्हणून सकाळी बोलावलं आणि गाडी दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर मिळाली, का तर मधे एक ऊसवाल्यांचा ट्रॅक्टर आला आणि त्याला घाई होती. बिल मागितलं तर कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून देतात. वॉरंटी वगैरे शब्द तिथं काढू नका. ड्रायव्हर सीटवर ग्रीसचा एक अख्खा पंजा उमटलाय तो अजून गेलेला नाही, तेव्हा जाताना जुनी चादर घेऊन जा. बाकड्यावरच्या मंडळींना तुमच्या गाडीबद्दल मत असतं आणि ते तुम्हाला ऐकावं लागतं. बायका-मंडळींना बसायला जागा नाही, बायको एकदा आली ती रोडवरच उभी राहिली, परत नाही येणार म्हणाली.

आणि नवीन गाडी घेऊन जाऊ नका. माझ्यासमोर एकजण चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून बीएस सिक्स गाडी घेऊन आला तर मामांनी बॉनेटला हात पण लावला नाही, स्कॅनरवाल्याकडं न्या, माझा मीटर ह्याला पुरणार नाही म्हणाले. मला हे पण बरं वाटलं. जुनी मारुती, ओम्नी, कमांडर जीप, अँबेसिडर, रिक्षा, ट्रॅक्टर, असलं काही असेल आणि कधी चालू होतं कधी नाही असं असेल तर डोळे झाकून. सर्व्हिसिंग, डेंटिंग, एसी, नाही.

पाचपैकी किती द्यायचे ते ठरत नाहीये, कामाला पाच, फोनला शून्य. सकाळी दहाच्या आत जा, तोपर्यंत बाकडं भरलेलं नसतं. मी परत गुरुवारी जाणाराय, अण्णा म्हणतायत रिले झाल्यापासून चावी फिरवली की एक बारीक टक येतो तो कसला. तो रिलेचाच आहे, मी चार वेळा सांगितलं, पण त्यांना मामांच्या तोंडनं ऐकायचंय.